बंद खिडक्यांची नोंद

"मडिवाळप्पा, ती कोपऱ्यातली उघडीच राहिली की. लावा लवकर, पुण्याचा माणूस जिना चढायलाय," हेडक्लार्क शेषेराव म्हणाले.

शिपाई मडिवाळप्पांनी खिडकी लावली. चैत्रातली दुपार, वीज गेलेली आणि खोलीत बारा माणसं उकडून निघत होती.

पुण्याचे संशोधक आत आले. साधा, सरळ माणूस. उकाडा किती झाला की कचेरीतली माणसं खिडकी उघडतात आणि किती झाला की लावून घेतात, याचं गणित त्यांना बसवायचं होतं. जिल्हा नवा, पुढे इमारती होणार, तेव्हा ते कामी येणार. दर तासाला ते तापमान बघत, खिडक्या मोजत आणि वहीत लिहीत. माणसं खोटं बोलतात म्हणून ते कुणाला विचारत नसत. खिडक्याही खोटं बोलतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

खोली तापली तर अहवालात तसं येईल आणि कूलर मिळतील, हा शेषेरावांचा डाव. त्यापायी साऱ्या कचेरीनं पंधरा दिवस घाम गाळला. इतका घाम तिथं कामापायी कधी गळला नव्हता.

मडिवाळप्पांना कूलरशी देणंघेणं नव्हतं. रेणापूरच्या पुढं त्यांचं गाव. विहिरी आटलेल्या. त्यांची बायको शिवम्मा दोन कोसांवरून घागर आणायची; परवा वाटेतच चक्कर येऊन पडली. गावाचा टँकरसाठीचा अर्ज शेषेरावांच्या टेबलावर होता.

"खिडक्या तेवढ्या सांभाळा," शेषेरावांनी सांगितलं होतं, "टँकरचा कागद मी हलवतो."

गरजवंताला अक्कल नसते. मडिवाळप्पांनी खिडक्या सांभाळल्या.

गणित बसलं. उकाडा वाढला की इथली माणसं खिडक्या लावून घेतात, नुसत्या वाऱ्यावर यांचं भागायचं नाही, असा अहवाल गेला. काम सरकारी असूनही महिन्याभरात चार कूलर आले. शेषेरावांनीही शब्द पाळला, टँकर मंजूर झाला. मडिवाळप्पांनी आनंदानं गावाकडं निरोप धाडला: शिवम्माला सांगा, सोमवारपासून घागर घेऊन जाऊ नको म्हणावं.

सोमवारी टँकर आला तो कचेरीच्या दारात. ड्रायव्हर व्यंकटनं पाइप सोडला.

"हा तर आमच्या गावचा," मडिवाळप्पा म्हणाले. "इथं कसा?"

"हेडक्लार्कसायबांचा हुकूम हाय. नळाला पाणी न्हाई, कूलर कशानं भरायचे? टाकी भरून उरलं तर गावाला नेतो." व्यंकटनं वही पुढं केली. "खेप तुमच्या गावाच्या नावावर हाय. गावच्या माणसाची सही लागती. तुम्ही तिथलेच न्हवं का?"

"न्हाई केली तर?"

"खेप पोचली न्हाई म्हणून लिहितेत. मग उद्यापासून टँकरच बंद."

मडिवाळप्पांनी वही हातात घेतली. उद्या तरी दोन घागरी उरतील, असं त्यांनी मनाला समजावलं आणि गावाला पाणी पोचल्याची सही केली.