विष्णुपंतांनी जीप सोडावी म्हणून

"मी कारलं सोडतो," विष्णुपंत म्हणाले. "झालं? उठा आता."

"कारलं तुम्हाला आवडतं कुठे?" यज्ञेशचा आवाज चढला. "सगळ्यात आवडतं ते सोडायचं असतं, बाबा. आणि ते काय आहे, हे पूर्ण मोहल्ल्याला माहीत आहे."

ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर बापलेक आणि ढुंढिराजशास्त्री असे तिघेच बसले होते. विष्णुपंतांच्या पत्नीचं, शरदिनीबाईंचं, वर्षश्राद्ध नुकतंच आटोपलं होतं. पिंड गंगेत गेले आणि लगेच शास्त्रींनी घसा खाकरून विषय काढला. काशीत येऊन माणसाने एक आवडती वस्तू कायमची सोडायची असते. विष्णुपंत नोकरीसाठी इथे आले त्याला पन्नास वर्षं झाली, पण त्यांनी अजून काहीच सोडलेलं नाही. शास्त्री बोलत होते विष्णुपंतांशी आणि बघत होते यज्ञेशकडे. विष्णुपंतांनी सारा जन्म रेल्वेची इंजिनं तपासण्यात घालवला होता. कुठला बोल्ट कुणी पिळलाय ते त्यांना बरोबर कळायचं. त्यांची कानशिलं तापली.

मोहल्ल्याला माहीत होतं ते खोटं नव्हतं. मंगला गौरीच्या गल्लीतून सायकलसुद्धा अंग चोरून जाते, म्हणून जीप मैदागिनला एका वखारीत उभी असायची. अठ्ठ्याहत्तर साली लष्कराच्या लिलावात घेतलेली. विष्णुपंत रोज सकाळी तिथे जात, बॉनेट उघडत आणि जो थांबेल त्याला धरून सांगत. ही गाडी मुळात अमेरिकेत महायुद्धासाठी बनली. युद्ध संपलं, मग मुंबईत सुटे भाग जोडून ती तयार व्हायला लागली. दारं नाहीत, समोरची काच बॉनेटवर आडवी पडते, जोर चारही चाकांना. बिघडली तर एका पान्ह्यावर रस्त्यातच दुरुस्त. "हल्लीच्या गाड्या म्हणजे साबणाच्या वड्या," असं म्हणून ते पुराच्या गोष्टीवर येत.

त्याच वर्षी गंगा शहरात शिरली होती. रस्त्यात मांडीभर पाणी, नाव मिळेना, आणि दोन महिन्यांचा यज्ञेश तापाने फणफणलेला. विष्णुपंतांनी पंख्याचा पट्टा काढला, नाहीतर पंख्याने इंजिनभर पाणी उडवलं असतं, आणि जीप पाण्यात घातली ती थेट हॉस्पिटलच्या पायरीशी काढली. यज्ञेशने ही गोष्ट हजारदा ऐकली होती. त्याला त्यात पंख्याचा पट्टा तेवढा ऐकू यायचा.

"डोळ्यांना दिसत नाही तुमच्या," यज्ञेश म्हणाला. "मागच्या महिन्यात चहाच्या ठेल्याला टक्कर दिलीत. उद्या कुणी मेलं म्हणजे?"

"ठेला रस्त्यात होता."

"ठेला तिथे वीस वर्षांपासून आहे! मिर्जापूरचा माणूस आज गाडी न्यायला तयार आहे. चांगल्या घरी जाईल. पण तुमची जिद!"

"माझ्या गाडीला गिऱ्हाईक बघणारा तू कोण?"

"मी कोण?" यज्ञेश उठून उभा राहिला. पलीकडे आंघोळ करणारे दोघे वळून बघायला लागले. "हेच तर विचारायचंय. माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर आलात. का, तर तिची क्लचप्लेट. हाताला ग्रीस तसंच! आई कोपऱ्यात रडत होती. सांगा आज, गंगेसमोर सांगा. कोण जास्त आवडतं तुम्हाला, मी की ती?"

हा प्रश्न विष्णुपंतांनी यापूर्वीही ऐकला होता. तो विचारणारा मूर्ख आहे, असं त्यांचं मत होतं.

ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "तू आईच्या श्राद्धाला हे केलंस. शास्त्रींना पढवून आणलंस. तिचे पिंड अजून पाण्यात विरले नाहीत."

शास्त्री उपरण्याचं टोक बघत बसले.

"समोर येऊन मागायला जीभ झडली होती?"

"मागितली असती तर दिली असतीत?"

"नसती दिली."

"मग? दुसरा रस्ता ठेवलात कुठे?"

सत्तेचाळीस वर्षांत विष्णुपंतांनी या पोरावर कधी हात उगारला नव्हता, आणि आत्ता तो मांडीखाली दाबून धरावा लागत होता. बायकोच्या नावाने फास लावला होता. तोही देवाधर्माचा, म्हणजे म्हातारा निमूट मान घालेल.

"ठीक आहे," ते म्हणाले. "शास्त्री, विधी सांगा. नीट सांगा, मला मागाहून भानगड नको."

शास्त्रींचा जीव भांड्यात पडला. "सोपं आहे हो. उजव्या हातावर गंगाजल घ्यायचं, जे सोडायचं त्याचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. की संबंध संपला. पुन्हा हात लावायचा नाही, उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही."

"आणि सगळ्यात आवडतं लपवून दुसरंच नाव घेतलं तर?"

"गंगेसमोर खोटं?" शास्त्रींनी कानांना हात लावले. "पाप लागतं, विष्णुपंत. तिथे लबाडी चालत नाही."

"ऐकलंत ना?" यज्ञेश म्हणाला.

"ऐकलं," विष्णुपंत म्हणाले.

ते दोन पायऱ्या खाली उतरले. पाणी घोट्याशी आलं. यज्ञेशने मिर्जापूरच्या माणसाला कळवायला मोबाइल काढला. शास्त्री मंत्र म्हणू लागले, तिथी झाली, गोत्र झालं, आणि ते थांबले.

"आता नाव घ्या."

विष्णुपंतांनी तळहातावरचं पाणी छातीपर्यंत उचललं.

"माझा मुलगा यज्ञेश," ते म्हणाले, आणि त्यांनी पाणी सोडलं.