मोडक्या शिंगाचा बैल

रंगनाथ ओताऱ्याने नवसाचा पितळी बैल भागीबाईच्या तळहातावर ठेवला. बोटाएवढा, पण डौलदार. पेठच्या डोंगरातून ती पहाटेच्या एसटीने नाशकात आली होती. घरचा बैल चार दिवस वैरणीला तोंड लावत नव्हता. तिने मूर्ती परत केली. "माझ्या बैलाचं डावं शिंग मोडलंय, दादा. ह्याची दोन्ही शाबूत." रंगनाथ हसला. "देव काय बैलबाजारात निघालाय, शिंगं तपासायला?" "त्याच्याकडं गावोगावचे बैल येत्यात. माझा कोणता, ते त्यानं वळखायचं कसं?" रंगनाथचं हसू मावळलं. लेक तापाने फणफणली तेव्हा त्यानेही देवीला पितळी मुलगी वाहिली होती. लेक एका पायाने अधू होती. पण बापाच्या मायेने त्याने मूर्तीचे दोन्ही पाय सरळ ओतले होते. लेक वाचली नाही. त्याने कानस उचलली. "नीट सांग, बाई," तो म्हणाला, "शिंग कुठून मोडलंय?"