शेवटचा राक्षस

टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता, आणि म्हातारी काही यंत्रासमोरून हलायला तयार नव्हती.

"बाई, हे भंगारात चाललंय," गेम पार्लरचा मालक म्हणाला. "दोरसुद्धा बांधून झालाय."

"आईला ते हवंय," तिची मुलगी म्हणाली. "वर तुम्हीच लिहिलंय ना?"

ऐन उमेदीत मालकाने स्वतः रंगवलेली पाटी अजून शाबूत होती. शेवटचा राक्षस पाडेल, त्याचं हे यंत्र. इतक्या वर्षांत कुणालाच ते जमलं नव्हतं, खुद्द मालकालाही नाही. पण माणूस शब्दाचा पक्का. त्याने टेम्पोवाल्याला थांबायची खूण केली आणि वायर जोडली.

पडद्यावर पोलादसिंह उभा राहिला. इमारतीएवढा यंत्रमानव, आणि त्याच्या छातीत बसून त्याला चालवणारी, बशीएवढ्या डोळ्यांची मुलगी. राक्षस अंगावर आला की ती ओरडायची, "आत्ता!" मग खेळणाऱ्याने लाल बटण दाबून तलवार चालवायची. सुरुवातीचे राक्षस थोडा उशीर चालवून घेत. शेवटचा गय करत नसे.

"ती ओरडली की दाबा. आधी नको, नंतर नको," मालक म्हणाला. "अख्ख्या गावाला मीच शिकवलंय."

अख्खं गाव हरलं होतं, हे सांगायचं त्याने टाळलं.

म्हातारी तोंडातून ब्र काढत नव्हती. एवढ्या उकाड्यात गळ्याला स्कार्फ गुंडाळलेला, आणि बोलायचं काम मुलीकडे. हा ताठा मालकाला बोचत होता.

पहिल्या "आत्ता!"ला म्हातारीची मुलगी एवढी दचकली की मालकाला हसू आलं. म्हातारीने मात्र सांगितल्याबरहुकूम बटण दाबलं. एकेक राक्षस पडत गेला. शेवटच्यापाशी तलवार उशिरा उठली आणि पोलादसिंह आडवा झाला.

"झालं समाधान? आता घरी जाऊन आराम करा. या वयात कशाला..."

म्हातारीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की उरलेलं वाक्य त्याने गिळून टाकलं. तिने दुसरं नाणं सारलं आणि स्पीकरकडे बोट केलं.

"आवाज वाढवा म्हणतेय," मुलगी म्हणाली.

या वेळी शेवटचा राक्षस आला तेव्हा म्हातारीने चक्क डोळे मिटले.

"अहो, पडद्याकडे तरी बघा!"

"आत्ता!"च्या आधी स्पीकरमध्ये, कुणी दम घ्यावा तशी, बारीकशी फुस्स झाली. स्पीकर फाटलाय, असं मालक गिऱ्हाइकांना कायम सांगत आला होता. म्हातारीने त्या फुस्सवरच बटण दाबलं.

"घाई केलीत," मालक म्हणेपर्यंत तलवार राक्षसाच्या खांद्यात घुसली होती. पुन्हा फुस्स, पुन्हा बटण. तिसऱ्या घावाला राक्षस कोसळला.

पडद्यावरची मुलगी हात उंचावून उभी राहिली आणि या दुकानात कधीच न ऐकलेलं वाक्य ओरडली, "मी हरले नाही! ऐकताय ना? मी अजून इथंच आहे!"

म्हातारीचे ओठ शब्दाशब्दाला हलले.

मालक खुर्चीत बसला. "हे मीसुद्धा आज पहिल्यांदा ऐकलं," तो म्हणाला.

"मी पण," यंत्राचा दोर सोडता सोडता मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आईच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज गेला, तेव्हा मी पाळण्यात होते."