पाण्यात सोडलेली पीडा
इराणात समजूत अशी, की नवरोजच्या तेराव्या दिवशी घरचे अंकुरलेले गहू वाहत्या पाण्यात सोडले की वर्षाची पीडा टळते. दुसऱ्याचे उचलले तर ती चिकटते. म्हणून शिराझच्या बागेत स्वयंसेवकांनी बाटल्या, पिशव्या, टरफले वेचली, पण गव्हासकट सोडलेल्या, ओढा तुंबवणाऱ्या प्लास्टिकच्या थाळ्यांना कुणी शिवेना. शेवटी त्यांच्यातली फरंगीस गुडघाभर पाण्यात उतरली. तेवढ्यात मोटारीतून आलेल्या गृहस्थाने आणखी एक थाळी भिरकावली. "आगासाहेब, गहू सोडा, थाळी कशाला?" "हात लावू नकोस, पोरी. पीडा चिकटेल. सकाळी झाडूवाला काढेल." "त्याला नाही चिकटत?" "त्याचं कामच आहे ते!" बागेचा झाडूवाला तिचा बाप होता. तिने निथळती थाळी उचलली आणि मोटारीच्या उघड्या खिडकीतून चालकाच्या रिकाम्या सीटवर ठेवली. आत बसलेली त्याची बायको किंचाळली, "अहो, काढा ती!" "तूच काढ!" कुणाचाच हात पुढे होईना. "थांबा मग," फरंगीस म्हणाली, "बाबा सकाळी येतात."