भंगारातली पेटी

"बाळांच्या पेटीत कोंबडीची अंडी! कोणी ऐकलं तर काय म्हणेल?" बायको म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने ओल्या फडक्याने पेटीची काच लख्ख पुसलीही.

"बाळांची होती तेव्हा होती," मेकॅनिक म्हणाला. "आता भंगार आहे. भंगारात अंडी ठेवली काय नि बटाटे ठेवले काय."

अंड्यांवर त्याने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल. दिवसातून काही वेळा फुली खाली जायची आणि गोल वर यायचा. तळातलं पाण्याचं तबक भरलेलं होतं. तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता.

याआधी त्याने थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून पाहिला होता. ती अंडी आतच उकडून निघाली, आणि त्या थट्टेवर मेहुणा कितीतरी दिवस जगला. "दाजी, पिल्लं नाही तर नाही, मीठ-मिरपूड तरी भुरभुरायची!" असं तो सगळ्यांच्या भरल्या ताटांवर म्हणाला होता. हॉस्पिटलातली मशिनं दुरुस्त करतो म्हणून वॉर्डात ज्याला सगळे मशीन-डॉक्टर म्हणत, त्याला घरात थर्माकोलवाला हे नाव पडलं. अशा वेळी माणूस सगळ्यांबरोबर हसतो, आणि रात्री त्याला झोप लागत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉस्पिटलातल्या दोन पेट्यांपैकी एक आजारी ठरली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या त्या पेट्या. मेकॅनिकने तिच्यावर लाल पट्टी चिकटवली. लाल पट्टी म्हणजे शेवटचा निकाल. डॉक्टर माणसं तपासत, मशिनं तो तपासे, आणि कोणी कोणाच्या कामात नाक खुपसत नसे. पेटी भंगारात निघाली तशी त्याने साहेबांना विचारून ती घरी आणली. एका दुपारी पाने-पेचकस पसरून तिच्यासमोर बसला, आणि संध्याकाळी पेटीचा हिरवा दिवा लागला.

"मेलेलं मशीन उठवलं हो आमच्या ह्यांनी," बायको शेजारणीला सांगायची. मेकॅनिक विनयाने मान खाली घालायचा.

मुलगी तेव्हा त्यांच्याकडेच होती. सातवा महिना होता. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की अंथरुणातून उठायचं नाही. बाळ जेवढे दिवस आत राहील तेवढे त्याचे. घरात सगळे हळू बोलत. दार आपटलं तरी बायकोच्या काळजात धस्स होई. मुलगी छताकडे पाहून कंटाळली, की मेकॅनिक तिला अंडी दाखवायला आणायचा.

पडदे ओढून त्याने एका अंड्याखाली टॉर्च धरला. आत लाल शिरांचं जाळं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका उसळत होता.

"बाबा, हलतंय हे!"

"हलणारच. ऊब मिळाली की सगळं हलतं."

"आणि नाही मिळाली तर?"

"शुभ बोल गं जरा!" बायको म्हणाली. "तुला कसली काळजी? बाप पेट्यांचा डॉक्टर आहे तुझा."

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी अंड्यांतून टकटक ऐकू येऊ लागली. मेकॅनिकने मेहुण्याला मुद्दाम बोलावून घेतलं. एका कवचाला भोक पडलं, चोच दिसली. दुसरं पिल्लू अर्धं बाहेर आलं, ओलं, थकलेलं. मेहुण्याने काचेला नाक लावलं.

"दाजी," तो शेवटी म्हणाला, "मानलं तुम्हाला."

हे वाक्य मेकॅनिकने पुरतं चाखायच्या आत आतल्या खोलीतून मुलगी किंचाळली.

हॉस्पिटलात जन्मलेलं बाळ ओंजळीत मावेल एवढंच होतं. सिस्टरने त्याला कापसात गुंडाळून छातीशी धरलं होतं. हॉस्पिटलातल्या एकुलत्या एका पेटीत दुसऱ्या कोणाचं तरी बाळ होतं, आणि ते बाहेर काढण्याजोगं नव्हतं. मोठं हॉस्पिटल लांब होतं. "एवढा प्रवास याला झेपायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

"अहो, आपल्या घरी आहे ना पेटी!" बायको ओरडली.

मेहुण्याने गाडी पिटाळली. मेकॅनिकने अंडी, कवचं, अर्धी बाहेर आलेली पिल्लं, सगळं फरशीवर टॉवेलात रिकामं केलं. तिकडे पाहिलं नाही. पेटी औषधाने पुसली, दोघांनी उचलली आणि वॉर्डात आणली.

डॉक्टरांनी काचेवरचा लाल पट्टीचा चिकट डाग पाहिला.

"हीच ना ती?"

"हीच."

"आता चालते?"

"चालते."

"चालते काय विचारता! पिल्लं निघाली तिच्यातून," बायको म्हणाली.

"पिल्लांचं सोडा. लाल पट्टी यांची आहे. यांनीच सांगितलं, हिच्यात मूल ठेवाल तर दगावेल. म्हणून मी ती बाहेर काढली." डॉक्टर मेकॅनिककडे वळले. "बिघडलेला भाग काढलात ना? तो दाखवा मला. तो पाहिला की त्याच मिनिटाला बाळ आत. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

सिस्टर बाळाच्या पाठीवर बोट चोळत होती. बाळाचे ओठ निळे पडू लागले होते.

"अहो, असं गप्प काय उभे राहिलात?" बायकोने नवऱ्याचा दंड धरून हलवला. "घरी ठेवला असेल ना? कुठे ते सांगा, भाऊ आणेल पळत जाऊन. सांगा ना हो!"

मेकॅनिक बाळाकडे पाहत राहिला. भाग कुठेच नव्हता; त्या पेटीत कधी काही बिघडलंच नव्हतं.