जांभळाखालचा पाट

पूर ओसरून चार महिने झाले तरी विहिरीचं पाणी हौदापर्यंत पोचत नव्हतं.

नेकनूरजवळची ती निजामाच्या काळातली बाग सप्टेंबरच्या पुरात गाळाखाली गेली होती. ऐंशी झाडांतलं एक जांभूळ तेवढं उभं राहिलं. गाळ निघाला, डाळिंबाची नवी रोपं येऊन पडली, पण विहिरीपासून निघालेला, वर्षानुवर्षं बंद पडलेला दगडी पाट मध्येच कुठंतरी हरवत होता. जुन्या नकाशाचा नेमका तेवढाच भाग वाळवीनं खाल्लेला. कामावरची इंजिनिअर आम्रपाली तीन ठिकाणी खणून थकली. या आठवड्यात पाट सापडला नाही तर प्लास्टिकचा पाइप टाकून मोकळे व्हा, असं तिला वरून कळवलं होतं.

घमेली वाहणाऱ्या चतुराबाईला पाट ठाऊक होता. तिचा नवरा जालिंदर इथं तीस वर्षं माळी होता. त्यांचं पहिलं मूल गेलं, त्या साली त्यानं कोरड्या पडलेल्या पाटाची फरशी उचलून तिथं हे जांभूळ लावलं होतं. कुणाला सांगू नको म्हणाला होता. दोन वर्षांपूर्वी तोही गेला.

दोन दिवस चतुराबाई गप्प राहिली. बाया भाकरी खायला जांभळाच्या सावलीत बसल्या, ती उन्हात भिंतीकडेला बसली. तिसऱ्या दिवशी पाइपाचा टेम्पो फाटकातून आत आला. तिनं घमेलं खाली ठेवलं आणि आम्रपालीजवळ गेली.

"मॅडम, जांभळाखाली खणा."

"झाड जाईल, मावशी. एवढं एकच वाचलंय."

"जाऊ द्या. त्येच्या मुळ्या पाटात हायेत. म्हणून तर ऱ्हायलं उभं."

झाड उतरवायला दोन दिवस लागले. मुळ्यांनी पाटाचे दगड गच्च धरले होते. त्या सोडवायला चतुराबाई स्वतः खड्ड्यात उतरली. खुरप्यानं एकेक मुळी मोकळी केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मग पाणी सोडलं. आधी काळा गाळ आला, मागून कुजलेली पानं, आणि बऱ्याच वेळानं नितळ पाणी. हौदात धार पडल्याचा आवाज आला तशा बाया हसल्या. आम्रपालीनं वही उघडली. झाडाची नोंद ठेवायची होती. ते कुणी लावलं होतं, तिनं विचारलं.

चतुराबाई पाण्याकडं बघत होती.

"माळी होता एक," ती म्हणाली. "त्येला वाटलं, पाणी काय आता परत येत न्हाई."