जोडून घेतलेला कॉम्प्युटर

"फिटरची मुलगी, आणि जोडायला बाहेर दिलंस," दुकानाची पायरी चढताना दौलतराव म्हणाले.

गेमिंगचा कॉम्प्युटर तेजलनं स्वतःच्या पगारातून बनवायला टाकला होता. आत कुठला पार्ट हवा, हेही तिनंच लिहून दिलं होतं. फक्त जोडणी उल्हासनगरच्या खेमचंदशेठकडे. अंबरनाथच्या घरात कपाटापासून कूलरपर्यंत एकही वस्तू दौलतरावांचा हात लागल्याशिवाय उभी राहिली नव्हती. काही अजूनही नीट उभ्या नव्हत्या, पण तो विषय वेगळा. निवृत्त झाल्यावर नोकरी गेली होती, आता हातही गेले, असा त्यांनी या ऑर्डरचा अर्थ लावला होता.

शेठनं बटण दाबलं. काचेच्या पेटीत निळे-जांभळे दिवे फिरू लागले.

"नवरात्रात लावायला बरा आहे," दौलतराव म्हणाले आणि त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

शेठ पुढे झाला. "काका, खोलना नहीं हां. वॉरंटी जाणार."

दौलतरावांनी काही खोललं नाही. टोक पेटीच्या पत्र्याला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. ऑर्डनन्स फॅक्टरीत तेहतीस वर्षं त्यांनी मशिनांची बेअरिंगं अशीच ऐकली होती. दुकानातली दोन गिऱ्हाईकं बोलायची थांबली. तेजल मशीनकडे नाही, वडिलांकडे बघत होती.

"मागचा पंखा घासतोय."

"नवा पीस आहे, काका. सकाळीच बसवला, अपने हाथ से."

"म्हणूनच म्हणतो."

शेठनं हसत हसत मशीन बंद केलं, काच उतरवली, आत बोट घातलं. हसू तिथंच थांबलं. एक वायर पट्टीतून सुटून पंख्याच्या पात्याला टेकली होती. शेठनं ती आवळून बांधली, काच परत बसवली, आणि काकांचे साहेब झाले.

दौलतराव लेकीकडे वळले. "बघितलंस? हेच घरी जोडलं असतं तर..."

"घरी तुम्ही जोडलं असतं, पप्पा. मग तपासलं कोणी असतं? तुमच्या फॅक्टरीत जोडणाराच पास करायचा का?"

दौलतरावांना नियम पाठ होता: जोडणारा वेगळा, पास करणारा वेगळा.

शेठनं डिलिव्हरीचा कागद पुढे केला. खाली 'तपासले' असा रकाना होता. आजवर तो कोणी भरला नव्हता. दौलतरावांनी चष्मा लावला, पूर्ण सही केली, आणि खाली चार आकडे लिहिले.

"मोबाईल नंबर अधूरा है, साहेब," शेठ म्हणाला.

"माझा फॅक्टरीतला टोकन नंबर आहे," दौलतराव म्हणाले. "उद्या काही निघालं, तर माणूस सापडायला नको?"